हेरंबने लिफ्टला ऐकायला शिकवलं

सातपूरला लिफ्टच्या एका कारखान्यात एक भोळा इंजिनिअर होता. नाव हेरंब. डिग्री मोठी, फ्रेम करून लावलेली. डोक्यात मात्र एका वेळी एकच वाक्य मावायचं, तेही शेवटचं ऐकलेलं.

लिफ्टच्या प्रोग्रॅममध्ये इंटरप्टचा ड्रायव्हर म्हणून एक भाग असतो. कुणी बटण दाबलं की लिफ्टला हाक मारायची, एवढंच त्याचं काम. तो कोड जुना आणि गुंतागुंतीचा झाला होता. हेरंबच्या साहेब लोखंडे मॅडमनी त्याला तो नीट लावायला सांगितला. म्हणाल्या, ज्या हाका कधी येतच नाहीत त्या काढून टाक.

हेरंब सोमवारी दिवसभर चाचणीच्या लिफ्टपाशी बसून राहिला. मजल्यांची बटणं वाजली, दाराचं वाजलं. धोक्याचं लाल बटण काही कुणी दाबलं नाही. त्याने त्याची हाक कोडमधून काढून टाकली. मंगळवारी मेकॅनिक खैरनारांनी ते दाबलं, तर लिफ्ट त्यांना घेऊन सरळ सातव्या मजल्यावर गेली.

"अरे, आधी विचारायचं असतं," मॅडम म्हणाल्या.

हेरंबने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. बुधवारी लाल बटण दाबलं की लिफ्ट विचारू लागली, नक्की थांबू का? खैरनारांना 'हो'चं बटण सापडेपर्यंत पुन्हा सातवा मजला आला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. विचारत काय बसायचं, हाक आली की लगेच धावायचं, असं बजावलं. हेरंबने तेही लिहून घेतलं. गुरुवारी वरून हाक आली की लिफ्ट वर धावे, खालून आली की अर्ध्यातून खाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खैरनार दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांमध्ये झुलत होते.

"हातातलं काम पुरं होईपर्यंत दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही," मॅडम एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या.

हेरंबने लिहून घेतलं.

शुक्रवारी सरकारी तपासनीस आले. त्यांनी पास केली तरच लिफ्ट विकता येणार होती. खैरनार रजा टाकून गावी गेले होते. हेरंब 'झालं' म्हणाला, ते मॅडमनी मानलं आणि त्या तपासनीसांबरोबर लिफ्टमध्ये शिरल्या.

वाटेत तपासनीसांनी लाल बटण दाबलं. लिफ्टने ऐकलं नाही. आधी सातवा मजला गाठून हातातलं काम पुरं केलं, मग दार उघडायच्या आत थांबण्याचं काम हाती घेतलं. थांबणं काही पुरं होईना. मॅडमनी दाराचं बटण दाबलं, घंटेचं दाबलं. लिफ्ट थांबण्यात गर्क होती.

त्यांनी हेरंबला फोन लावला. सतरा वेळा. फोन टेबलावर थरथरत राहिला. हेरंबने तो बाजूला सारला, कारण हातात काम होतं. तो ग्राहकांसाठी सूचनापत्रक लिहीत होता. पाच वाजता त्याने शेवटचं वाक्य पुरं केलं, लिफ्टमध्ये अडकल्यास कंपनीच्या इंजिनिअरला फोन करावा. आणि त्यापुढे स्वतःचा नंबर टाकला.