बेडकुलीला सावली कुणी दिली?

खाडीच्या काठी होती एक वाडी. वाडीत होतं वांग्याचं रोप. रोपाखाली राहायची इवलीशी बेडकुली.
वर मोठं पान. खाली गार गार सावली.

एकदा काय झालं? बांधाला पडलं भोक. खाडीचं खारं पाणी वाडीत शिरलं. बुडबुड बुडबुड!
पान पडलं मलूल. सावली गेली.
वर ऊन. खाली मीठ. बेडकुलीचं अंग चुरचुर चुरचुर.

"रोपा रोपा, पान उचल! मला सावली दे!"
रोप म्हणालं, "कसं उचलू? पाणी सगळं खारट. मुळाला पिता येईना. बुरशीचा धागा मीठ अडवील, गोडं पाणी आणील, तर उचलीन."

बेडकुली निघाली. टुणुक टुणुक टुणुक.
मातीत होता बुरशीचा धागा. पांढरा पांढरा. केसाहून बारीक.
"धाग्या धाग्या, रोपाकडे चल!
मूळ पिईना,
पान उठेना,
मला सावली मिळेना!"
धागा म्हणाला, "कसा येऊ? माती झालीय दगड. गांडूळ वाट करील, तर येईन."

टुणुक टुणुक. अंग चुरचुर.
"गांडुळा गांडुळा, वाट कर!
धागा येईना,
मूळ पिईना,
पान उठेना,
मला सावली मिळेना!"
गांडूळ म्हणालं, "कशी करू? खारं पाणी झोंबतं. वाडीतली बायजाकाकू बांधाचं भोक बुजवील, तर करीन."

टुणुक... टुणुक... उडी झाली लहान. पाय लटपट लटपट.
दारात होती बायजाकाकू. कडेवर तान्ही बकुळ.
"काकू काकू, बांधाचं भोक बुजव!
वाट होईना,
धागा येईना,
मूळ पिईना,
पान उठेना,
मला सावली मिळेना!"
"अगं बाई! बांध फुटला?" काकू म्हणाली. "पण कशी येऊ? बकुळ रडतेय. कडेवरून उतरेना. ती हसेल, तर येईन."

"बकुळे बकुळे, हस गं!
भोक बुजेना,
वाट होईना,
धागा येईना,
मूळ पिईना,
पान उठेना,
मला सावली मिळेना!"
बकुळ आणखीच रडली. भ्याँऽऽ! भ्याँऽऽ!

आता गं काय?
ऊन चढलं. घसा सुकला. तिकडे रोपाचं एक छोटं पान गळलं. टप्प.
बेडकुलीने डोळे मिटले. होता नव्हता तेवढा जोर लावला.
टुण्णुक!
थेट काकूच्या डोक्यावर!

बकुळ थांबली. बकुळने पाहिलं. आणि हसली.
खुदुखुदु खुदुखुदु!

बकुळ हसली, खाली उतरली, काकू धावली. चिखल थापला थप थप थप. भोक बुजलं! खारं पाणी ओसरलं.
गांडूळ वळवळलं. वाट झाली.
धागा निघाला सर सर सर. मुळाला बिलगला. मीठ अडवलं. लांबून गोडं पाणी आणलं.
मूळ प्यालं. गुटुक गुटुक गुटुक.

पान?
मोठं पान हलेना.
बेडकुली रोपापाशी आली. बघत राहिली.
मग एक टोक उठलं. मग अर्धं. मग सगळं पान, ताठ!

"घे रे धाग्या, तूही खा," रोप म्हणालं. मुळातून त्याला गोड गोड रस दिला.

बेडकुली सावलीत शिरली. गार मातीला पोट टेकलं.
काकूच्या कडेवरून बकुळ वाकून बघायला लागली.
"श्शऽऽ," काकू म्हणाली. "झोपलीय ती."