येसूचे केस आणि पाटलीणबाईंची फणी

फार फार जुन्या काळची ही गोष्ट. किती जुनी, ते मला विचारू नका. तेव्हा वर्षं मोजत बसायला कुणाला सवड नव्हती. डोंगरांच्या मध्ये एक खोरं होतं, खोऱ्यात नदी होती आणि नदीच्या दोन्ही काठांना गावं होती. लहानांनो, मांडी घालून बसा. मोठ्यांनो, तुम्हीही बसा. गोष्ट केसांची असली तरी तुमच्याच कामाची आहे.

त्या खोऱ्यात लग्न जमवायची एक रीत होती. मुलाची आई आपल्या घरची लाकडी फणी घेऊन मुलीकडे यायची. मुलगी केस मोकळे सोडून पाटावर बसायची. मग गावच्या बायकांसमोर मुलाची आई ती फणी मुलीच्या माथ्यावर टेकवायची आणि एका ओढीत शेंड्यापर्यंत न्यायची. फणी सरळ खाली आली की "संसार सरळ होणार" म्हणून गूळ वाटायचा. मध्येच अडली आणि उपसून काढावी लागली, की पाहुण्यांनी पाणीही न पिता उठायचं. आणि एकाच मुलीच्या केसांत तीनदा फणी अडली, तर ते केस अपशकुनी ठरायचे. कानापाशी कापून नदीत सोडून द्यायचे.

ही रीत कुणी पाडली, देव जाणे. ज्या बाईचे केस सुतासारखे सरळ होते तिनंच पाडली असणार, असं आपलं माझं मत.

तर नदीच्या अलीकडच्या गावात येसू नावाची मुलगी होती. आईबाप तिला आठवतही नव्हते. आत्यानंच तिला लहानाची मोठी केली. येसूचे केस जन्माचे कुरळे. जावळ काढलं, पुन्हा उगवले, तेही कुरळेच. एकेक केस काकडीच्या वेलाच्या तणाव्यासारखा वळलेला. शेजारणी म्हणायच्या, "अगबाई, हे केस की कावळ्याचं घरटं? कापून टाका की एकदाचे!"

आत्या काही कमी नव्हती. ती म्हणायची, "वेलाचा तणावा ओढून सरळ केलात तर वेल मांडवावर राहील का? वळूनच तो धरून बसतो. जे वळलेलं जन्माला आलं, ते वळूनच वाढेल. तुम्ही आपापल्या शेपट्या सांभाळा."

आणि काय निगा राखली त्या दोघींनी! ऐकाल तर थक्क व्हाल. न्हायच्या आदल्या दिवशी कोमट तेल, तेही बोटांनी, हलक्या हातानं. सकाळी शिकेकाई आणि जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस. न्हाऊन झालं की जवस उकळून गाळलेलं दाटसर पाणी केसांना चोपडायचं, म्हणजे वळण वळणाला धरून राही. पुसायला खरबरीत पंचा नाही, आत्याचं जुनं मऊ लुगडं; तेही चोळायचं नाही, नुसतं टिपून घ्यायचं. झोपताना केस माथ्यावर सैल गुंडाळायचे, त्यावर मऊ फडकं.

आणि गुंता? तो ओल्या केसांतच सोडवायचा. आधी बोटांनी, आणि शेंड्याकडून. टोकाची वीतभर लट मुठीत धरायची, तिथली गाठ मोकळी करायची, मग थोडं वर सरकायचं. पुन्हा तिथली गाठ, पुन्हा थोडं वर. लहानपणी येसू कंटाळायची. "आत्या, वरूनच ओढ ना एकदा! होऊन जाऊ दे!" आत्या तिच्या डोक्यावर टपली मारायची. "वरून ओढलं की खालच्या साऱ्या गाठी एकीवर एक बसतात आणि त्यांचीच एक जट होते. मग ती सुटत नाही गं, तुटते."

वर्षं गेली. येसूचे केस वाढत वाढत गुडघ्यापर्यंत पोचले. पण कुरळ्या केसांची एक गंमत असते: ओले असले की लांब, वाळले की आखडून वर. वाळल्यावर ते कमरेशीच थांबायचे. आत्या कौतुकानं सांगायची, "माझ्या येसूचे केस गुडघ्यापर्यंत आहेत हो!" की बायका तोंडाला पदर लावायच्या. "आत्याबाईंचा गुडघा कमरेला आहे वाटतं!"

येसू उपवर झाली. पहिलं स्थळ आलं, फणी अडली, फणीचा दात मोडला, पाहुणे उठले. दुसरं स्थळ आलं, तीच गत. येसू त्या दोन्ही वेळी रडली नाही. पण दुसऱ्या वेळेनंतर आत्या कितीतरी दिवस तिच्या केसांना तेल लावताना काहीच बोलली नाही, आणि ते येसूला रडण्याहून जड गेलं.

आता एकच संधी उरली होती. तिसऱ्यांदा फणी अडली तर केस नदीत. म्हणून येसूनं ठरवून टाकलं, लग्नच नको. "केस राहू देत, नवरा नसला तरी चालेल," ती म्हणाली. आणि खरंच तिचं तसं काही अडलं नव्हतं.

पण पलीकडच्या गावच्या पाटलाचा धाकटा मुलगा, हैबती, एकदा नदीवर बैल धुवायला आला. समोरच्या खडकावर येसू केस वाळवत बसली होती. तो पाहतच राहिला. येसूला वाटलं, आता हाही म्हणणार, केवढा हा गुंता. तो म्हणाला, "केवढी निगा राखली असशील गं तू!"

झालं. येसूचा लग्न न करायचा निश्चय तिथंच नदीला मिळाला.

हैबतीची आई, पाटलीणबाई, म्हणजे खणखणीत बाई. मनानं वाईट नव्हती, पण घरात तिचं काही चालेना. तिच्या थोरल्या आणि मधल्या सुनेचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं. एका घरात दोन चुली, एका आडावर दोन दोर. पाटलीणबाई दर सणाला दोघींना समोरासमोर बसवायची आणि म्हणायची, "आज मुळाशीच जाऊ. सांगा, पहिल्यांदा कोण कुणाला बोललं?" की झालंच! जुनं सगळं उकरून निघायचं आणि संध्याकाळपर्यंत भांडण दुपटीनं वाढलेलं असायचं. तरी पुढच्या सणाला पाटलीणबाईंचं आपलं तेच, मुळाशी जाऊ.

अशी ही पाटलीणबाई मुलाच्या हट्टापायी शिसवी फणी घेऊन येसूच्या दारी आली. अंगण बायकांनी भरलं. गावची जाणती बाई कात्री घेऊनच आली होती. तिसरी वेळ ना! आत्यानं ती कात्री पाहिली आणि लगबगीनं येसूजवळ आली. ती येसूच्या कानात म्हणाली, "बाळ, अजून नाही म्हण. मी सांगते त्यांना."

येसू म्हणाली, "आत्या, तू पाण्याचं घंगाळ आणि जवसाचं पाणी तेवढं भरून ठेव." आणि ती पाटावर जाऊन बसली.

पाटलीणबाईंनी माथ्यावर फणी टेकवली. ओढली. कपाळ गेलं, कान आला, आणि कानापाशी फणी रुतून बसली. बायकांनी एकदम "अगबाई!" केलं. पाटलीणबाईंचा हात फणी उपसायला वळला. तेवढ्यात येसूनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, पाटलीणबाई. फणी काढू नका."

"सोड हात, पोरी. अडली ती अडली."

"अडली नाही, थांबलीय. उपसून काढली तर अडली म्हणायचं, अशीच रीत आहे ना?" येसूनं जाणत्या बाईकडे पाहिलं. "फणी माथ्यापासून शेंड्यापर्यंत एका ओढीत जावी, एवढंच रीत सांगते. वाटेत दम खाऊ नये असं सांगते का? केस कोरडेच असावेत असं सांगते का?"

जाणत्या बाईनं डोकं खाजवलं. तिला तिच्या सासूनं असं काही सांगितल्याचं आठवेना. "नाही बाई," ती म्हणाली, "तसं काही सांगत नाही."

"मग फणी तिथंच असू द्या," येसू म्हणाली, "आणि मला वाट मोकळी करू द्या."

पाटलीणबाईंना काय वाटलं कुणास ठाऊक, पण त्यांनी फणी सोडली. ती कानापाशी तशीच लटकत राहिली. आत्यानं घंगाळातलं पाणी तांब्यातांब्यानं केसांवर सोडलं. आणि काय सांगू! आखडलेली वळणं भिजून सैल झाली आणि केस खाली उतरू लागले. कंबर मागे पडली. पाटावर बसलेल्या येसूच्या भोवती केस जमिनीवर लोळू लागले. येसू उभी राहिली, तर शेंडे बरोबर गुडघ्याशी. काळेभोर, तुकतुकीत, शेवटापर्यंत वळणदार. ज्या बायकांनी तोंडाला पदर लावून चेष्टा केली होती, त्यांचे पदर हातातच राहिले. एकजण हळूच म्हणाली, "आत्याबाईंचा गुडघा जागच्या जागी आहे गं!"

आत्या हसली आणि मग तिला रडूच कोसळलं.

येसू पुन्हा पाटावर बसली. जवसाचं पाणी चोपडून तिनं एक लट मुठीत धरली आणि शेंड्याची गाठ बोटांनी सोडवली. मग वरची. मग तिच्या वरची. घाई नाही, हिसका नाही. पाटलीणबाई टक लावून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. "अगं, मुळाकडून का नाही सोडवत? गुंता मुळापासून काढावा!"

"मुळाशी गुंता नसतोच, पाटलीणबाई," येसू म्हणाली. "हात लावून बघा. मुळाशी केस मोकळाच असतो. गाठी सगळ्या नंतरच्या, खालच्या. वरून ओढलं तर त्याच घट्ट होतात."

पाटलीणबाईंनी तिच्या माथ्यावर हात ठेवला. बोटं केसांच्या मुळाशी सहज फिरली. हात बराच वेळ तिथंच राहिला.

एकेक लट मोकळी होत येसूची बोटं कानापाशी, फणीपर्यंत पोचली. ती म्हणाली, "आता न्या."

पाटलीणबाईंनी फणी धरली आणि ओढली. कानावरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून कमरेवर, आणि कमरेवरून थेट जमिनीवरच्या शेंड्यापर्यंत फणी गेली. कुठंही थांबली नाही. अंगणात हसणं आणि टाळ्या. जाणत्या बाईनं कात्री कमरेला खोचली आणि गुळाचा पहिला खडा स्वतःच उचलला.

लग्न ठरलं. पण गोष्ट इथं संपत नाही. संपली असती तर मोठ्यांना कशाला बसवून घेतलं असतं?

लग्नाच्या दिवशी नव्या सुनेची ओटी दोन्ही जावांनी मिळून भरायची होती. थोरली म्हणाली, "ती असेल तिथं मी उभी राहणार नाही." मधली म्हणाली, "मग मी चालले माहेरी." मांडवात कुजबुज सुरू झाली. पाटलीणबाई पदर खोचून पुढे आल्या. "थांबा! आज मुळाशीच जाऊ. पहिल्यांदा कोण..."

आणि बोलता बोलता त्यांची नजर समोर गेली. येसू फुलं माळलेले कुरळे केस पाठीवर सोडून पाटावर बसली होती. पाटलीणबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "ते राहू दे. आज काय झालं, तेवढं सांगा."

दोघी गोंधळल्या. असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. थोरली म्हणाली, "हिनं माझं हळदीचं ताट उचलून ठेवलं." मधली म्हणाली, "वासरू तोंड घालत होतं म्हणून उचललं." थोरलीला हे माहीत नव्हतं. ती गाठ सुटली. "बरं, काल काय झालं?" काल दोर तुटला होता, तोडला कुणीच नव्हता, झिजून तुटला होता. तीही सुटली. मग परवाची, मग गेल्या सणाची. काही गाठी चिवट होत्या, एकदोन ठिकाणी डोळ्यांत पाणी आलं, एकदा थोरलीनं "चुकलं माझं" म्हटलं, एकदा मधलीनं. जेवणाच्या पंगती खोळंबल्या, पण कुणी उठलं नाही.

शेवटी पाटलीणबाई म्हणाल्या, "आता सांगा, सुरुवात कुठून झाली?"

थोरलीनं मधलीकडे पाहिलं, मधलीनं थोरलीकडे. दोघींनाही काहीच आठवेना. एवढंच आठवलं, की मधली नवी सून म्हणून आली तेव्हा थोरलीनं तिला आपल्या हातानं पहिला घास भरवला होता. दोघींना एकदम हसू फुटलं आणि हसता हसता त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"मुळाशी गुंता नव्हताच," पाटलीणबाई पुटपुटल्या. त्या येसूजवळ आल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरी, तुझे केस कापले असते तर माझं घर असंच राहिलं असतं गं."

दोघी जावांनी एका ताटातून येसूची ओटी भरली. त्या घरात पुन्हा एक चूल झाली, आडावर एक दोर राहिला. आणि म्हणतात, त्या खोऱ्यात अजून लग्नाआधी फणी घालतात, पण मुलाची आई आधी मुलीच्या शेजारी बसते, शेंडा हातात घेते आणि तिथून सुरुवात करते. कात्री कुणी आणत नाही.

बोध एवढाच: गुंता केसांचा असो की माणसांचा, शेंड्यापासून हलक्या हातानं सोडवावा, मुळाला हिसका दिला तर तुटतं, सुटत नाही.