आरसा धरणारा

एकदा एक तरुण परदेशी शिक्षण पुरे करून आपल्या गावी परतला. गाव डोंगरातल्या लेण्यांच्या पायथ्याशी होते. साथीच्या तीन वर्षांत दूरदेशीचे पाहुणे येईनासे झाले आणि गावातल्या निम्म्या चुली थंडावल्या. आता त्यांची पहिली तुकडी उद्या येणार होती. ती नाराज होऊन गेली, तर तिच्यामागून कोणी येणार नव्हते.

तरुण झपाटून कामाला लागला होता. त्याने पाट्या रंगवल्या, खोल्या धुऊन घेतल्या, चहावाल्यापासून डोलीवाल्यांपर्यंत सर्वांना तीन भाषांत ‘या’ म्हणायला शिकवले.

लेण्यात अंधार असे. भिंतीवरची चित्रे दाखवायला पूर्वी दोन माणसे लागत. एकाने बाहेरच्या पायरीवर आरसा धरून ऊन आत फेकायचे, दुसऱ्याने ते पांढऱ्या पत्र्यावर घेऊन चित्रावर वळवायचे. आत असत वृद्ध वाटाडे नाना; तरुणाला चित्रे वाचायला त्यांनीच शिकवले होते. पायरीवर असत तरुणाचे वडील, देवराम. साथीत ते गेले, तेव्हा मुलगा परदेशात अडकला होता. परतल्यावर त्याने वडिलांचा आरसा माळ्यावर टाकला आणि लेण्यात बॅटरीचे दिवे बसवले.

आज रंगीत तालीम होती. नाना डोक्यावर हॅट चढवून पाहुणे झाले. चहावाला परक्या भाषेत ‘या’ म्हणून ओरडला.

“साहेबाला बहिरा समजलास का रे?” नाना म्हणाले. सगळे हसले.

लेण्याच्या पायरीपाशी मात्र नाना थांबले. “इथे आरसा धरणारा असायचा. कुठे आहे तो?”

“सर, आता आम्ही नवे दिवे बसवले आहेत,” तरुण हसून म्हणाला.

नाना खाली उतरले, पुन्हा चढून आले. “आरसा धरणारा कुठे आहे?”

“आत चला ना, सर.”

नाना तिसऱ्यांदा उतरून चढले आणि त्यांनी तेच विचारले, तेव्हा तरुणाचा तोल सुटला. “नाना, पुरे! उद्या पाहुणे यायचेत. आज हे अभद्र कशाला?”

नानांनी हॅट काढली. “लेका, तीन भाषांत तू ‘या’ शिकवलंस. ‘गेला’ हा शब्द एकाही भाषेत शिकवला नाहीस. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे देवराम प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. ते त्याला ‘येतो’ म्हणून गेलेत. आता आले, की त्याच्याविषयी विचारणार नाहीत? तूही त्याला ‘येतो’ म्हणूनच गेला होतास. येऊन सहा महिने झाले. एकदा तरी विचारलंस?”

तरुण पायरीवर बसला. “नाना, शेवटी ते काय म्हणाले?”

“पायरीवर ऊन आलं का, एवढंच विचारत होता. आलं, म्हणून सांगितलं मी. पाऊस होता खरं तर.”

दुसऱ्या दिवशी तुकडीतली एक पिकल्या केसांची बाई पायरीपाशी थबकली. “देवराम?”

आत दिवे विझवलेले होते. तरुण आरसा घेऊन उभा होता.

“मी त्यांचा मुलगा,” तो तिच्या भाषेत म्हणाला. “ते गेले.”

ती त्याच्याजवळ उभी राहिली. आतून नानांची हाक आली, “अरे, थोडं डावीकडे!” त्याने आरसा कलता केला. आत चित्रावरचे ऊन थरथरत राहिले.

निघताना बाई त्याच्याकडे वळली आणि, बाई असूनही, देवरामने शिकवले होते तसेच म्हणाली, “येतो.”

“या,” तो म्हणाला, आपल्याच भाषेत.