मुंग्यांची दाई

संस्थान इतकं चिमुकलं, की सरकारांच्या हत्तीला वळायचं झालं तर शेजारच्या राजाची परवानगी काढावी लागे. पण सरकारांची ऐट हत्तीहून मोठी. त्यांनी दरबारात काचेच्या पेटीत मुंग्यांचं वारूळ पाळलं होतं, आणि त्या मुंग्यांना रोज चारायचं काम सगुणाकडे होतं. ही सगुणा म्हणजे युवराजांची जुनी दूधआई.

एके दिवशी ती भर दरबारात हात जोडून उभी राहिली. "सरकार, माझ्या लेकीला, पारूला शाळेत घ्या. मास्तर म्हणतात, आपली सही हवी."

सरकारांनी मिशीवर ताव देत पेटीकडे बोट केलं. "अगं, ही बघ राणी, आणि या कामकरणी. जी ती अंड्यातूनच तशी निघते. कामकरणीनं शाळेत जाऊन काय करायचं?"

दरबार खो-खो हसला. सगुणा हसली नाही.

"मी रोज बघते, सरकार. अंडी सगळी सारखीच. ज्या अळीला दाया मुंग्या पोटभर भरवतात, ती राणी होते. जिला भरवताना हात आखडतात, ती जन्मभर ओझी वाहते."

"म्हणजे राणी कोण, ते दाया ठरवतात?"

"होय तर. मीही ठरवलंच की. माझं दूध युवराजांना पाजलं, पारूला पेजेवर ठेवलं."

हसू जागच्या जागी विरलं. सरकार चाचरत म्हणाले, "उद्यापासून तिला राजवाड्यातून दूध देऊ."

"अळीचे दिवस सरले, सरकार. आता दूध पाजून पंख फुटायचे नाहीत. सही तेवढी करा."

सरकारांनी टाक उचलला.