गुणाजी आत्याचा कारभार बघतो

एका गावात एक भोळा भाचा होता. त्याचं नाव गुणाजी. नाव ठेवणाऱ्यानं जरा घाईच केली, असं गावात म्हणत. पण भागूआत्यासमोर तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

भागूआत्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं. विहिरीवर पाय घसरला, आणि तेव्हापासून ती खिडकीजवळच्या खाटेवर आडवी. जिभेला मात्र काही झालं नव्हतं. गुणाजी तिच्याजवळच राहायचा. सांगितलेलं काम करायचा. तेवढंच करायचा. अगदी तेवढंच. एकच गोष्ट तो न सांगता करी. रोज सकाळी आत्याला बिनसाखरेचा चहा.

एकदा तालुक्याच्या कचेरीतून निगुडकर मॅडम आल्या. म्हणाल्या, "आजी, तुमच्या देखभालीला सरकार दरमहा पैसे देईल. बाई तुम्हीच शोधायची, तुम्हीच ठेवायची, पगारही तुम्हीच द्यायचा. तीन महिन्यांनी मी बघायला येईन. नीट चाललं असेल तर पैसे चालू राहतील. नाहीतर तुम्हाला आश्रमात हलवावं लागेल."

"मी या खिडकीपासून हलायची नाही," आत्या म्हणाली. "इथून रस्ता दिसतो. कोण कोणाकडं गेलं ते कळतं. आश्रमात काय दिसणार, भिंत?"

"मग कारभार कोण बघणार?"

"मी," गुणाजी म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. मग सावकाश बजावलं, "हे बघा, घरात कोणाला घेण्याआधी नीट चौकशी करायची. आधी कुठं काम केलं, स्वयंपाक येतो का, ओळखीची दोन माणसं कोण. त्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल पडता कामा नये."

"असं होय?" गुणाजी म्हणाला. "आता तसंच करतो."

दोन दिवसांनी आत्याला सणसणून ताप भरला. डॉक्टर मोटरसायकल काढून धावत आले. गुणाजी दारात आडवा.

"आधी कुठं काम केलंत?"

"अरे, मी डॉक्टर आहे!"

"ते असू द्या. भाकरी येते का?"

"नाही."

"भात?"

"गुणाजी, आत्याला ताप आहे!"

"म्हणून तर मऊ भात लागणार. ओळखीची दोन माणसं सांगा."

"तू ओळखतोस की मला!"

"मी एक झालो. दुसरं?"

डॉक्टरांनी हात जोडले आणि मोटरसायकल वळवली. आतून आत्या कधीची ओरडत होती, पण तिची चौकशी थोडीच चालली होती! ताप आपला आपणच उतरला. उतरल्याबरोबर आत्यानं गुणाजीला फैलावर घेतलं.

"अरे गाढवा! दारात आलेल्याला असं ताटकळत ठेवतात? या म्हणावं, बसा म्हणावं, घरात असेल ते पुढं करावं."

"असं होय? आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी आत्याचा डोळा लागला होता. शेजारच्या रावबांची म्हैस दावं तोडून दारात आली.

"या," गुणाजी म्हणाला. ती आली. "बसा." ती बसली. आत्याची नवी गोधडी खाली पसरलेली होती, तिच्यावरच बसली. गुणाजीनं टोपल्यातल्या भाकऱ्या पुढं केल्या. मग भोपळा. मग मेथीच्या दोन जुड्या. "लाजू नका," असंही म्हणाला.

आत्या जागी झाली तर म्हैस रवंथ करत तिच्याकडं टक लावून बघत होती.

"अगं आई गं! अरे, हिचा कसला पाहुणचार करतोस? परत काही दारात घुसताना दिसलं की काठी घ्यायची आणि पार ओढ्यापलीकडं हाकलायचं!"

"असं होय? आता तसंच करतो."

आता बघा योग कसा असतो. तीन गावांत निरोप धाडून झाले होते. बाई मिळत नव्हती. आणि नेमकी दुसऱ्या सकाळी चंद्राबाई आली. दणकट हाताची, मायाळू. अंथरुणाला खिळलेल्या स्वतःच्या सासूचं नऊ वर्षं केलेली. तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला मात्र.

"हैक! हैक!" गुणाजी काठी घेऊन मागं लागला.

चंद्राबाई ओढा ओलांडूनच थांबली. तिची एक चप्पल अंगणातच राहिली.

या वेळी आत्या ओरडली नाही. तोंडाला पदर लावून रडली. "आता नेतात रे मला आश्रमात. इतकी चांगली बाई! अशा माणसाला हातचं जाऊ देतात का? महिन्याचा पगार आगाऊ हातात ठेवावा आणि रोज या म्हणून सांगावं."

आत्याला रडताना गुणाजीनं कधी बघितलं नव्हतं. त्यानं लगेच डब्यातून महिन्याचे पैसे काढले, मुठीत घट्ट धरले आणि पुढच्या दारात जाऊन उभा राहिला.

तिकडून आला तेलवाला. "सांधेदुखीवर रामबाण तेल!"

गुणाजीनं सगळे पैसे त्याच्या हातात ठेवले. "रोज या," म्हणाला.

तेलवाल्यानं आकाशाकडं बघून हात जोडले आणि दोन बाटल्या दिल्या.

इकडं चंद्राबाई चप्पल न्यायला मागच्या बाजूनं हळूच आली. मागच्या दारातून तिला आत्या दिसली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिनं पदर खोचला आणि तिथूनच आत शिरली. पगाराचं पुढच्या महिन्यात बघू म्हणाली. मात्र शेवटपर्यंत ती पुढच्या दारानं कधी आली नाही, आणि मी तरी तिला दोष देणार नाही.

तीन महिने बघता बघता गेले. चंद्राबाई आत्याला न्हाऊ घाली, कूस बदलून देई, वेळेवर जेवू घाली. आत्याच्या गालावर तजेला आला. एकच कटकट होती. तेलवाला शब्दाचा पक्का निघाला. तो खरंच रोज यायचा. शेवटी आत्या कावली.

"त्याला सांग, आत्या मेली! पिंडाला कावळासुद्धा शिवला म्हणावं! आता कोणीही विचारत आलं तरी हेच सांग!"

"असं होय? आता तसंच करतो."

तेलवाल्याला फार वाईट वाटलं. त्यानं एक बाटली उंबऱ्यावर वाहिली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी निगुडकर मॅडम आल्या. आत्या मागं न्हाणीघरात होती. चंद्राबाई तिच्या अंगावर तांबे ओतत होती आणि दोघींच्या मोठमोठ्यानं गप्पा चालल्या होत्या.

"भागूबाई कशा आहेत?"

"आत्या मेली."

मॅडम मटकन ओट्यावर बसल्या. "अरेरे! कधी?"

"काल दुपारी."

"आणि बाकीचं?"

"झालं. पिंडाला कावळासुद्धा शिवला."

"कालच? इतक्या लवकर?"

"आत्याला उशीर खपत नाही," गुणाजी म्हणाला.

मॅडमनी डोळे पुसले. कागदावर 'मयत' असं लिहिलं. नाक्यावर चार माणसांना बातमी सांगितली आणि बारा वाजताची एसटी धरून तालुक्याला गेल्या.

घटकाभरात दारात गाव जमलं. रावबांनी बांबू आणले, तिरडी बांधली. कर्मकांडात रावबांचा हात धरणारं कोणी नाही. त्यांनी विस्तवाचं मडकं गुणाजीच्या हातात दिलं आणि दटावलं, "पुढं तू चालायचं. काही झालं तरी मागं वळून बघायचं नाही."

"असं होय?"

एवढ्यात चंद्राबाईनं न्हालेल्या आत्याला दोन्ही हातांवर उचलून घरात आणलं. आत्यानं दारातून बाहेर बघितलं.

"काय रे, कोण गेलं?"

रावबांच्या हातातला बांबू पडला. मग सगळा उलगडा झाला. आत्याचा चेहरा पांढरा पडला.

"कागदावर मयत लिहिलं म्हणजे नाव कापलं! पैसे बंद, चंद्रा बंद, आणि मी आश्रमात. पाचच्या आत मला मॅडमपुढं न्या रे कोणीतरी!"

पण नेणार कसं? तिला बसता येत नव्हतं. रिक्षात मावेना, एसटीत मावेना. निजवूनच न्यायला हवं होतं. आत्याची नजर अंगणात गेली.

"ती काय, बांधून तयार आहे की! उशी घाला आणि उचला मला."

चौघांनी खांदा दिला. तीन मैलांची वाट. आत्या वर निजून पदरानं वारा घेत होती. दिसेल त्याची खबरबात विचारत होती. वाटेत एकानं सवयीनं 'राम बोलो भाई राम' सुरू केलं, तर वरूनच त्याच्या टाळक्यात टपली बसली.

साडेचारला वरात कचेरीत शिरली. मॅडम किंचाळल्या. आत्यानं त्यांचा हात हातात घेतला. "बाई, जिवंत आहे मी. बघा, हात गरम आहे. ही माझी चंद्रा, हा माझा आंघोळ केलेला देह. माझं नाव कापू नका."

मॅडमनी आत्याचे स्वच्छ केस बघितले, साफ पाठ बघितली. चंद्राबाईच्या पाठीवर हात ठेवला. 'मयत' खोडलं, अंगठा घेतला, शिक्का मारला. पैसे चालू. आत्या ढसाढसा रडली, आणि खांदेकऱ्यांनीही डोळे पुसून घेतले.

"आता सांगा," मॅडम म्हणाल्या, "घरात सांभाळावं लागणारं माणूस एकच ना?"

"दोन लिहा," आत्या म्हणाली. "अरे पण गुणाजी कुठाय?"

सगळ्यांनी इकडं तिकडं बघितलं. गुणाजी नव्हता. तिरडी कचेरीकडं वळली तेव्हा तो पुढं होता. आणि मागं तर बघायचं नव्हतं.

गुणाजी तालुक्याच्या स्मशानात पोचला होता. मडकं खाली ठेवून शहाण्यासारखा बसला होता. तिथला माणूस लाकडं रचायला आला.

"मयत कुठंय?"

"येतेय मागून," गुणाजी म्हणाला. "वाटेत कोणाशी तरी बोलत थांबली असेल. तोवर जरा चहा टाका. तिला बिनसाखरेचा लागतो."