रडू गिळणारा पाळणा

एका राज्यात उग्रतेज नावाचा राजा होता. त्याच्या तलवारीला सात राज्ये भीत होती, आणि तो स्वतः एकाच गोष्टीला भीत होता: तान्ह्या मुलाच्या रडण्याला. लग्नानंतर बारा वर्षांनी राणी केतकीला मुलगी झाली, तेव्हा नगरात हत्तीवरून साखर वाटली गेली. त्याच दिवशी राजकन्या कमलिनीने पहिला टाहो फोडला आणि राजा दरबार अर्ध्यावर सोडून शिकारीला निघून गेला.

बारशाला राजाने खजिन्यातून एक रुप्याचा पाळणा काढवला. शंभर वर्षांपूर्वी एका मांत्रिकाने तो स्वतःच्या मुलासाठी घडवला होता. वर टांगलेल्या चिमणाळ्यात चार रुप्याच्या चिमण्या होत्या. खजिन्यात त्याच्या शेजारी तान्ह्या बाळाएवढी रुप्याची बाहुली होती, ती तिथेच राहिली. पाळण्याच्या पट्टीवर कोरले होते, "यात निजेल ते मूल रडणार नाही." त्याखाली दुसरीही ओळ होती, पण पहिलीनेच राजा इतका प्रसन्न झाला, की दुसरी वाचण्याची कोणाला गरज भासली नाही.

राजकन्येला पाळण्यात घातले आणि तिचे रडू थांबले. दरबाराने तिच्या शहाणपणाचा गौरव करणारा ठराव केला. राजज्योतिषी मुहूर्त पाहून तिला दूध पाजण्याची वेळ ठरवू लागले. वस्त्राध्यक्षांनी जरीचे लंगोट शिवून घेतले. राजवैद्यांनी सात शाली गुंडाळण्याची आज्ञा दिली. सेवेला अठ्ठावीस दाया होत्या. एक उजव्या पायातल्या वाळ्यासाठी, एक डाव्या पायातल्या. मुलीला उचलून घेणे हे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आले नव्हते.

पाचव्या महिन्यात राजकन्येच्या पायाची नखे रुप्याची झाली. मग बोटे, मग घोटे. राजवैद्य म्हणाले, "राजलक्षण आहे." रुपे गुडघ्यापर्यंत चढले, मूल वाळत चालले, आणि त्याचे मोठे डोळे नुसते बघत राहिले.

तेव्हा खिडकीत एक साळुंकी येऊन बसली आणि म्हणाली, "राणी, दुसरी ओळ वाच."

राणीने वाचली: "जे रडणार नाही, ते सहावा महिना सरताना रुप्याचे होईल."

सहावा महिना सरायला तीन दिवस उरले होते. उष्टावणाची खीर कोणत्या भांड्यात करायची यावर मुदपाकखान्यात चर्चा चालली होती.

"उपाय सांग," राणी म्हणाली.

"चार चिमण्यांनी तिची चार रडणी गिळली आहेत. रडणे न ऐकता जो ते ओळखेल आणि त्याला उत्तर देईल, त्याच्यापुढे चिमणी चोच उघडेल."

"असं माणूस कुठे मिळेल?"

"नदीकाठच्या आळीत ठकू राहते. तान्ह्या मुलांना न्हाऊ घालते. तुझ्या बाळंतपणात ती आली होती. हात खरखरीत आहेत म्हणून तुझ्या लोकांनी तिला दारातून परत पाठवलं."

राणी पायी निघाली. ठकू अंगणात पाय लांब करून बसली होती आणि पायांवर कुंभाराचे पोर पालथे होते. तिने मान वर केली नाही.

"बसा बाई. आत्ता उठले तर याच्या कानात पाणी जाईल."

राणी धोंड्यावर बसली. ठकूने कोपराने पाणी अजमावले, पोराची मान धुतली, बगला धुतल्या, वळ्या उलगडून टिपल्या. चाळीस वर्षांत त्या आळीतले प्रत्येक मूल या हातांतून गेले होते. पोर तिच्या पायांवरच झोपी गेले. असे काम दरबारात कोणी करताना राणीने पाहिले नव्हते. तिने हात जोडले.

पहिल्या दिवशी ठकूने महालात येऊन आधी हात धुतले, मग पाळण्यापाशी बसून राहिली. राजकन्येने मूठ तोंडाशी नेली, मान वळवली, ओठ हलवले.

"भूक," ठकू म्हणाली. "राणीसाहेब, घ्या पदराखाली."

"मुहूर्ताला अजून चार घटका आहेत!" ज्योतिषी ओरडले.

"जोशीबुवा, आज जेवलात?"

"जेवलो."

"मुहूर्त बघून?"

ज्योतिषी पंचांग चाळू लागले. तोवर मूल पोटभर प्यायले, पहिल्या चिमणीने चोच उघडली, आणि एक बारीक कुरकुर खोलीभर फिरून राजकन्येच्या गळ्यात जाऊन बसली. रुपे गुडघ्याखाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मूल कमरेत ताठ झाले. ठकूने लंगोट सोडला. मांड्या जरीने सोलून लाल झाल्या होत्या.

"हे राजघराण्याचे वस्त्र आहे," वस्त्राध्यक्ष म्हणाले.

"मग तुम्ही नेसून बसा दिवसभर. ओलं करून."

तिने कोमट पाण्याने अंग धुतले, हलके टिपले, मुलीला घटकाभर उघडेच वाऱ्यावर ठेवले. मऊ फडके मागितले, तर महालात जुने कापडच नव्हते. तिने आपल्या धुतलेल्या लुगड्याचा पदर फाडला. दुसऱ्या चिमणीने चोच उघडली. रुपे घोट्यांशी आले.

तिसऱ्या दिवशी राजवैद्यांनी राजकन्येचा तळहात चाचपला. "गार आहे. आठवी शाल आणा."

"वैद्यराज, तान्ह्याचे हात गारच असतात. मानेला विचारा." ठकूने दोन बोटे मानेमागे घातली, ती घामाने भिजून आली. एकेक करून साती शाली जमिनीवर पडल्या. पाठीवर घामोळ्यांचे रान उठले होते. तिसऱ्या चिमणीने चोच उघडली. रुपे बोटांपुरते उरले.

चौथी चिमणी मात्र गप्प राहिली. मूल प्यायलेले होते, कोरडे होते, गार वाऱ्याला होते. ठकूने पोट चाचपले, कान पाहिले, हिरड्यांवरून बोट फिरवले. सूर्य कलला आणि रुपे पुन्हा चढू लागले. घोटे गेले. गुडघे गेले.

"ठकू, काहीतरी कर," राणी म्हणाली.

"करून झालं, बाई. आता बघू द्या."

ठकू बघत राहिली. मूल बघत होते दाराकडे. दारात राजा उभा होता. सहा महिने तो रोज तिथे येऊन उभा राहत असे आणि उंबरठ्यावरूनच परत जात असे.

"महाराज, आत या."

"मी काय करणार?"

"तिला घ्या."

सात राज्यांना धाक लावणारा राजा एक पाऊल मागे सरला. "मला येत नाही."

"तिलाही येत नाही. दोघेही नवे आहात."

रुपे कमरेशी आले होते. राजा आत आला. त्याने दोन्ही हात पुढे केले.

"मानेखाली हात, महाराज. ती तलवार नव्हे."

राजाने मुलीला उचलले आणि छातीशी धरले. राजकन्येने त्याच्या मिशीकडे पाहिले, ती मुठीत घट्ट पकडली, आणि चौथ्या चिमणीने चोच उघडली.

असा टाहो त्या राज्यात कधी कोणी ऐकला नव्हता. तबेल्यातले घोडे उधळले, दरबारी कानांवर हात ठेवून पळाले. रुपे भुग्यासारखे गळून पडले आणि दहा गुलाबी बोटे हवेत लाथा झाडू लागली. लगेच राजाच्या अंगरख्यावर एक उबदार ओल पसरली. वस्त्राध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. राजाने मुलीला खाली ठेवले नाही. तोही रडत होता.

एवढ्यात दुसरे रडणे ऐकू आले. खालून, बंद खजिन्यातून.

"ती बाहुली," राणी म्हणाली.

"बाहुली कुठली? त्या मांत्रिकाचं पोर ते," खिडकीतून साळुंकी म्हणाली. "पाळण्याची जादू फुटली, तसं तेही सुटलं."

खजिन्याला तीन कुलुपे होती. त्यांच्या किल्ल्या तीन अधिकाऱ्यांकडे होत्या, आणि तिघे एकमेकांची संमती विचारू लागले.

"कुलपं तोडा!" ठकू ओरडली. "आणि धावा, महाराज. शंभर वर्षं वाट बघतंय ते."

राजा धावला, एका हातात मुलगी धरून. परतला तेव्हा दुसऱ्या हातात एक हिरवट डोळ्यांचे, भुकेने लाल झालेले पोर होते, आणि दोन्ही पोरे मिळून आकाश डोक्यावर घेत होती.

"ठकूबाई," राजा त्या गोंगाटात मोठ्याने म्हणाला, "काय हवं ते माग."

"पाणी तापवायला सांगा," ठकू पाय लांब करून बसत म्हणाली. "दोघांना न्हाऊ घालायचंय."

रुप्याचा पाळणा वितळवून त्याची घंगाळे झाली, आणि झोळी ठकूच्या लुगड्याची बांधली गेली. त्या राज्यात तेव्हापासून दरबार भरला असताना कुठे मूल रडले, तर आधी राजा उठतो. बाकीचे राज्य तोवर बसून राहते, आणि अजून तरी त्यामुळे राज्याचे काही बिघडलेले नाही.