बगळ्याने मोजलेले पाणी

बाळांनो, एका खाडीच्या तोंडाशी प्राण्यांचे एक चिमुकले बंदर होते आणि एक बगळा त्याचा कारभार पाहत असे. बेटावरचे नारळ कासवांच्या पाठीवरून येत. एका खेपेला चार, फार तर पाच. बगळ्याला वाटे, आपल्याकडे देवमासा यावा आणि एकाच खेपेत शंभर करंड्या उतराव्यात! खुळा नव्हता हो तो, मनाने मोठा होता. त्याच्या हौसेपायी सगळ्यांनी राबून धक्का लांबवला, खाडीचे तोंडही रुंद केले.

मग पाणी मोजायची वेळ आली. बगळ्याने पौर्णिमा धरली आणि ऐन भरतीला बांबू बुडवला. "बघा, केवढे हे पाणी!"

तळाशी राहणारा म्हातारा खेकडा वर आला. "बगळोबा, ओहोटीला मोजा. खाली गाळ फार आहे."

"खेकडेबुवा, शुभकामाला कुणी उतरते पाणी धरते का? काहीतरीच तुमचे!" बगळा हसला आणि त्याने देवमाशाला आवतण धाडले.

देवमासा भरतीबरोबर डौलात आला. पण करंड्या उतरता उतरता ओहोटी लागली आणि त्याचे पोट गाळात रुतले. पाणी हटले, ऊन तापले, पाठ कोरडी पडू लागली. "मला श्वास घेववत नाही रे," तो कण्हला.

बगळा खेकड्याकडे धावला. "खेकडेबुवा, माझे चुकले! पाहुणा माझ्या दारात मरतोय हो!"

"रडता काय? पाणी आणा, त्याच्या पाठीवर ओता!" असे म्हणून खेकड्याने आपले सारे गणगोत हाकारले. हजार नांग्यांनी पोटाखालून थेट समुद्रापर्यंत चर खणला. बगळा आणि कासवे पाणी ओतत राहिली. संध्याकाळी भरती चढली, चरातून पाणी पोटाखाली शिरले आणि देवमासा सुटला.

"परत येशील ना रे?" बगळ्याने चाचरत विचारले.

"येईन की! पण आवतण या आजोबांकडून येऊ दे."

मग वर्षभर सगळ्यांनी गाळ उपसला. बगळा दर ओहोटीला बांबू घेऊन चिखलात उतरे आणि खेकड्याच्या तोंडाकडे बघे. एके दिवशी खेकडा म्हणाला, "हं, आता बोलवा तुमच्या लाडक्याला." बगळ्याला इतका आनंद झाला, की तो बांबू तिथेच टाकून उडाला.

तात्पर्य : मोठ्या पाहुण्याला बोलावण्याआधी दारातले पाणी ओहोटीला मोजावे, आणि तेही तळाशी राहणाऱ्याला विचारून.